ब्रेसच्या जोडाला ताकद किती हवी आणि गसेटला मोकळीक किती?

सह्यकडा
नमस्कार. कोयनानगरच्या परिसरात एका तीन मजली पोलादी इमारतीचे काम सध्या माझ्याकडे आहे. हा भाग भूकंप क्षेत्र ४ मध्ये येत असल्यामुळे आम्ही आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेप्रमाणे विशेष प्रकारची ब्रेस-चौकट घेतली असून भूकंपबल कमी करण्याचा गुणक आर ४.५ धरला आहे. प्रत्येक गाळ्यात (दोन खांबांमधल्या जागेत) एक ब्रेस, म्हणजे चौकटीला आडव्या बलापुढे ताठ ठेवणारा तिरपा दांडा आहे. मजल्याची उंची ३.३ मीटर, गाळा ३ मीटर आणि ब्रेस म्हणजे ९०×९०×१० मिमीचे दोन अँगल (एल-आकाराचे पोलादी छेद), मध्ये १६ मिमी जाडीची गसेट प्लेट, म्हणजे ब्रेसला चौकटीच्या कोपऱ्याशी जोडणारी प्लेट.

माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, संगणकीय विश्लेषणात ब्रेसमध्ये जास्तीत जास्त ३०० किलोन्यूटन बल येते. मी जोड ९३७ किलोन्यूटनसाठी करायला सांगितला आहे, पण मालकांच्या सल्लागारांच्या मते ३०० पुरेसे आहे आणि मी विनाकारण खर्च वाढवतो आहे. दुसरी अडचण परवा साइटवर दिसली. ड्रॉइंगमध्ये अँगलचे टोक आणि गसेटच्या वेल्डची रेषा यांत ४५ मिमी मोकळी जागा ठेवली होती. फॅब्रिकेटरने त्या जागेवरून आडव्या ८ मिमीच्या पट्ट्या वेल्ड केल्या आहेत. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, "साहेब, तिथे प्लेट हाताला कच्ची वाटत होती, म्हणून मजबूत केली." सल्लागार म्हणतात की जास्तीची मजबुती आहे, राहू द्या. मला त्या पट्ट्या काढाव्यात असे वाटते. अनुभवी सदस्यांनी मत द्यावे.

तुळई
पहिल्या प्रश्नाचे उत्तर संहितेतच आहे. विशेष ब्रेस-चौकटीत टोकाचा जोड १.१ × यील्ड ताण (ज्या ताणाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते तो) × पूर्ण क्षेत्रफळ इतक्या ओढीसाठी करावा लागतो. दोन अँगलचे क्षेत्रफळ ३,४०६ चौ. मिमी, त्याला यील्ड ताण २५० (न्यूटन प्रति चौ. मिमी) ने आणि १.१ ने गुणले की तुमचे ९३७ येतात. तुमचा आकडा बरोबर आहे.

शेडवाला_चाकण
तुळई, त्या कलमात "पुढीलपैकी किमान" असे शब्द आहेत, हे विसरू नका. व्यवस्थेतून ब्रेसपर्यंत पोहोचू शकेल असे कमाल बल त्याहून कमी असेल, तर तेवढ्यासाठी जोड केला तरी चालतो. साध्या ब्रेस-चौकटीत तर २.५ पट भूकंपबलाचा पर्यायही दिलेला आहे. मी गेली अठरा वर्षे औद्योगिक शेड करतो आहे. आमच्याकडे छप्पर हलके असते, वाऱ्याचे बल भूकंपबलापेक्षा जास्त निघते आणि वाऱ्यासाठी ब्रेस यील्ड व्हावा असे कोणीच धरत नाही. अशा ठिकाणी पूर्ण क्षमतेचा जोड मागणे म्हणजे पोलाद वाया घालवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैदेही_म
शेडवाला यांचे म्हणणे क्षेत्र ३ मधल्या हलक्या शेडपुरते मला मान्य आहे, पण हा धागा तशा इमारतीचा नाही. क्षेत्र ४ आणि ५ मध्ये साधी ब्रेस-चौकट वापरायलाच परवानगी नाही, त्यामुळे २.५ पटीचा पर्याय इथे लागू होत नाही. "व्यवस्थेतून पोहोचू शकणारे कमाल बल" सिद्ध करायचे तर पाया उचलला जातो किंवा दुसरा एखादा भाग आधी यील्ड होतो, हे आकड्यांनी दाखवावे लागेल. विश्लेषणातला ३०० हा आकडा त्या जागी ठेवता येत नाही.

मुळात ३०० म्हणजे काय, हे सल्लागारांना शांतपणे विचारावे. भूकंपाचे खरे बल आपण आधीच ४.५ ने भागले आहे. इमारत यील्ड होऊन ऊर्जा पचवेल असे धरल्यामुळेच आपल्याला ही सवलत मिळाली. मोठ्या भूकंपात ब्रेसमधले बल ३०० वर थांबणार नाही. ब्रेस यील्ड होईपर्यंत किंवा त्याच्या वाटेतले काहीतरी तुटेपर्यंत ते वाढतच राहील. जोड ३०० चा केला तर दोन बोल्ट पुरतात, आणि ब्रेसला हात लागण्याआधीच ते दोन बोल्ट कापले जातात. म्हणजे आर ४.५ ची सवलत घ्यायची आणि ती ज्या अटीवर मिळाली ती अट मात्र मोडायची, असे होते.

नवशिका_२२
मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात आहे. ताकद वाढवली की सुरक्षितता वाढते, असेच आम्ही समजत आलो. मग जोड मजबूत करणे चांगले आणि गसेटवर पट्टी लावणे वाईट, हे कसे? शिवाय "डक्टिलिटी"ला मराठीत लवचिकता म्हणायचे का?

तुळई
लवचिकता म्हणू नका, त्याने घोटाळा होतो. बल काढल्यावर पूर्ववत होणे म्हणजे लवचिकता किंवा स्थितिस्थापकता. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धातूची तार काढता येण्याच्या गुणाला "तन्यता" म्हटले आहे, आणि आपल्या अर्थालाही तोच शब्द जवळचा आहे. न तुटता, कायमचे ताणले किंवा वाकले जाण्याची क्षमता, असा त्याचा अर्थ इथे घ्यावा.

प्रा_कर्ण
नवशिका यांचा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ओढीच्या वेळी ब्रेसने आपल्या संपूर्ण लांबीत यील्ड व्हावे, अशी आपली इच्छा असते. त्यासाठी टोकाचा जोड ब्रेसपेक्षा बळकट हवा. दाबाच्या वेळी मात्र ब्रेस बाजूला वाकतो, आणि वाकायला त्याला तीन बिजागऱ्या लागतात, एक मध्यभागी आणि दोन टोकांना. दुहेरी अँगल मध्ये गसेट धरून जोडले की ते बहुधा चौकटीच्या प्रतलाबाहेर वाकतात, आणि तेव्हा टोकाच्या बिजागरीचे काम गसेट प्लेट करते. म्हणजे एकाच जोडाकडून दोन गोष्टी हव्या असतात. ओढीत त्याने हटू नये आणि दाबात दुमडण्यापासून अडवू नये.

सह्यकडा यांच्याच मापांचा ढोबळ हिशेब मांडतो. मजला एक टक्का, म्हणजे ३३ मिमी सरकला, तर तिरप्या दिशेने ब्रेस सुमारे २२ मिमी आखूड व्हावा लागतो. गसेट ते गसेट मोकळी लांबी ३.८ मीटर धरली तर त्या २२ मिमीपायी ब्रेसचा मध्य जवळजवळ २० सेंटिमीटर बाहेर येतो आणि प्रत्येक टोकाला गसेट सुमारे ६ अंशांत दुमडते. भूकंपात हे एकदा होत नाही. एका बाजूला सहा अंश, मग ओढीत पुन्हा सरळ, मग पुन्हा दुमड, असे अनेक वेळा होते. पट्टी लावलेली जागा दुमडू शकत नाही, म्हणून ती सगळी दुमड पट्टीच्या शेवटी, वेल्डच्या पायथ्याशी, काही मिलिमीटरांत एकवटते आणि तिथे चीर पडते.

गसेटमध्ये दुमडीच्या रेषेला प्लेटच्या जाडीच्या दुप्पट मोकळी जागा हवी हा नियम मिशिगन विद्यापीठात अस्तानेह-असल, गोएल आणि हॅन्सन यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात केलेल्या चाचण्यांतून आला, आणि त्या चाचण्या दुहेरी अँगलच्या ब्रेसवरच होत्या. १६ मिमीच्या प्लेटला ३२ मिमी हवेत आणि ड्रॉइंगमध्ये ४५ आहेत, म्हणजे चुका झाल्या तरी थोडी जागा उरते. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातील लेहमन आणि रोडर यांच्या गटाने सरळ रेषेऐवजी लंबवर्तुळाकार मोकळीक सुचवली. तिच्यामुळे गसेट आटोपशीर राहते.

ऐरण
मी फॅब्रिकेटर आहे आणि या धाग्यात फॅब्रिकेटरची बाजू कोणीतरी मांडायला हवी. ज्याने पट्टी लावली त्याने ती स्वतःचे पोलाद आणि स्वतःची इलेक्ट्रोड वापरून, चांगल्या हेतूने लावली. ड्रॉइंगवर नुसते ४५ लिहिलेले असते. ते कशासाठी आहेत, हे कुठेच लिहिलेले नसते. आमच्या डोळ्यांना ती जागा अँगल कमी लांबीचा कापला गेल्यासारखी दिसते. उलट आमचे वेल्डर अशी फट दिसली की अँगल पुढे सरकवून वेल्डला भिडवतात, आणि त्याबद्दल आजवर एकाही इंजिनिअरने मला अडवलेले नाही. "ही जागा मोकळी ठेवावी, येथे वेल्ड किंवा पट्टी करू नये, प्लेट येथे दुमडणार आहे" एवढे एक वाक्य लिहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

वैदेही_म
ऐरण यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आम्ही आता गसेटच्या प्रत्येक तपशिलात ती जागा तिरप्या रेघांनी भरून दाखवतो.

सह्यकडा, एक महत्त्वाचा प्रश्न राहिला. तळमजल्यावरची गसेट काँक्रीटच्या फरशीत गाडली गेली आहेत का? तसे असेल तर पट्ट्या काढूनही उपयोग होणार नाही, कारण काँक्रीट प्लेटला दोन्ही बाजूंनी घट्ट धरते आणि दुमडीची रेषा काँक्रीटच्या वर सरकते, जिथे मोकळी जागाच उरत नाही. आणि प्रा. कर्ण यांचे २० सेंटिमीटर लक्षात ठेवून ब्रेसला लागून विटांची भिंत येते का, तेही पाहावे.

शेडवाला_चाकण
पट्टीबद्दल माझेही मत काढावी असेच आहे, त्यात वाद नाही. जोडाच्या बळाबद्दल मात्र अजून एक व्यवहाराची अडचण सांगतो. बोल्टचा जोड करून ९३७ गाठताच येत नाहीत. ८.८ प्रतीचे एम२० (२० मिमी व्यासाचे) बोल्ट, १६ मिमी गसेट, टोकाचे अंतर ४० आणि बोल्टांमधले अंतर ६० धरले, तर एका बोल्टची क्षमता प्लेटच्या बेअरिंगमुळे (बोल्ट भोकाच्या कडेला दाबतो, त्यामुळे) १५९ किलोन्यूटनवर अडते. म्हणजे सहा बोल्ट. तिथवर ठीक आहे. पण २२ मिमीचे भोक पडल्यावर आणि अँगलचा एकच पाय जोडलेला असल्यामुळे, कलम ६.३.३ प्रमाणे दोन्ही अँगलची फाटण्याची क्षमता ८४३ भरते. बोल्ट कितीही वाढवले तरी अँगल भोकाशीच फाटणार. ज्या अटीत आपलाच ब्रेस बसत नाही ती अट पाळायची कशी?

तुळई
हिशेब तपासला, ८४३ बरोबर आहेत. पण यातून अट चुकीची ठरत नाही. ब्रेसच्या टोकाला भोक पाडून त्याला ओढीत यील्ड व्हायला सांगणे हेच विसंगत आहे, एवढे त्यातून दिसते. टोकाला जादा पट्ट्या जोडून तिथले क्षेत्रफळ वाढवता येते, किंवा भोके टाळून अँगल गसेटला वेल्ड करता येतात. वेल्डची सरासरी लांबी ३०० मिमी धरली तर त्याच कलमाने क्षमता ९९४ येते, म्हणजे ९३७ च्या वर.

शेडसाठीच्या गोल सळईच्या ब्रेसमध्येही हीच गोष्ट असते. २४ मिमी सळईचे क्षेत्रफळ ४५२ चौ. मिमी, पण आटे पाडलेल्या भागाचे ३५३, म्हणजे ७८ टक्के. पोलादाचे यील्ड आणि तुटण्याचा ताण यांचे गुणोत्तर त्याहून जास्त असेल तर सळई आट्यांतच तुटते आणि बाकीची लांबी यील्ड होतच नाही. तिथे चांगल्या प्रतीची सळई वापरल्याचे समाधान घातक ठरू शकते.

कॅन्टरबरी_मराठी
मी न्यूझीलंडमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. २२ फेब्रुवारी २०११ च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपात बऱ्याच पोलादी इमारती उत्तम टिकल्या, पण एका रुग्णालयाच्या वाहनतळाच्या इमारतीतला तपशील आम्ही आजही नव्या मुलांना शिकवतो. तिथे विकेंद्री ब्रेसची चौकट होती, म्हणजे ऊर्जा पचवण्याचे काम ब्रेसकडे नसून दोन ब्रेसांमधल्या तुळईच्या छोट्या तुकड्याकडे असते. ब्रेसची पाख (फ्लँज, म्हणजे छेदाची कडेची प्लेट) जिथे तुळईला भिडते, त्याच्या अगदी समोर तुळईत स्टिफनर (ताठ करणारी पट्टी) असायला हवा होता. तो थोडा बाजूला बसला होता. ब्रेसचे बल स्टिफनरमध्ये सरळ न जाता तुळईच्या पाखेत शिरले आणि तो भाग तुटला.

ताकदीचा हिशेब कागदावर बरोबर होता आणि पोलादही चांगले होते. पट्टी जागेपासून हलली, एवढेच घडले. सह्यकडा यांच्या साइटवर नको त्या जागी पट्टी आली, तिथे हव्या त्या जागी नव्हती.

प्रा_कर्ण
याच्या उलट बाजूचे उदाहरणही नोंदवून ठेवतो, कारण "जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता" हा समज तिथे फार महाग पडला. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको शहरातील पिनो सुआरेझ संकुलातला २१ मजली पोलादी मनोरा कोसळला. त्याचे ब्रेस हिशेबापेक्षा बळकट निघाले, त्यांनी ओढून आणलेले बल खांबांवर गेले आणि पेटीच्या आकाराच्या खांबांच्या प्लेटा वाकून फुटल्या. म्हणून ब्रेस निवडल्यावर जोड, तुळया, खांब आणि पाया हे सगळे त्या ब्रेसच्या खऱ्या बळापुढे टिकतात का, हे तपासावे लागते.

"खऱ्या" हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सह्यकडा, तुमच्या अँगलचे पोलाद कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र पाहिले का? पोलादाच्या आयएस २०६२ मानकातील ई२५० ही प्रत म्हणजे यील्ड किमान २५०. प्रत्यक्षात ते बरेच जास्त असू शकते. अमेरिकी संहितेत ए३६ प्रतीच्या पोलादासाठी अपेक्षित यील्ड किमान मूल्याच्या १.५ पट धरतात. आपल्या १.१ मध्ये एवढी तफावत मावत नाही.

सह्यकडा
सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्र आजच काढून पाहिले. यील्ड ३१८ आणि तुटण्याचा ताण ४५५ आहे. म्हणजे ब्रेस यील्ड होतानाच १,०८३ किलोन्यूटन बल आणेल. ज्या ९३७ ला सल्लागार जास्त म्हणत होते, ते प्रत्यक्षात कमी पडतात. हा आकडा मी त्यांना पाठवला आहे.

वैदेहीताई, तुमची शंका खरी ठरली. तळमजल्यावरची आठ गसेट फरशीच्या काँक्रीटमध्ये सुमारे ६० मिमी बुडाली आहेत. सुदैवाने अँगल अजून बसवलेले नाहीत आणि बोल्टांच्या संख्येचा निर्णय व्हायचा असल्यामुळे त्यांना किंवा गसेटला भोकेही पाडलेली नाहीत. वेल्डचा पर्याय घेतला तर तो किती करावा, आणि पट्ट्या कापताना काय जपावे?

तुळई
बल १,०८३ धरा. अँगलचा गुरुत्वमध्य टाचेजवळ (दोन पाय मिळतात त्या कोपऱ्याजवळ) असल्यामुळे सुमारे ७१ टक्के बल टाचेकडच्या वेल्डवर येते, म्हणून दोन्ही बाजूंना सारखी लांबी देऊ नका. वेल्ड साइटवर होणार आणि अँगलच्या टोकाला ८ मिमीचा आडवा वेल्ड असणार असे धरून, प्रत्येक अँगलला टाचेकडे ८ मिमीचा ३९० आणि दुसऱ्या कडेला ७ मिमीचा १६० मिमी लांब वेल्ड पुरतो. गसेटवर ४०० मिमीचे आच्छादन मिळते का पाहा. टोकाच्या आडव्या वेल्डनंतरची ३२ मिमी जागा मात्र पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. गसेटची बाजू व्हिटमोर यांच्या ३० अंशांच्या पद्धतीने (बल प्लेटमध्ये ३० अंशांत पसरते असे धरून) तपासली, तिला अडचण नाही.

ऐरण
कापण्याबद्दल मी सांगतो. पट्टी गॅसने गसेटला लागून कापू नका, ज्वाला प्लेटमध्ये खाच पाडते आणि पुढे चीर तिथूनच सुरू होते. वेल्डच्या वर तीन-चार मिमी ठेवून कापा, उरलेले ग्राइंडरने उतरवा, आणि ग्राइंडर दुमडीच्या रेषेला समांतर न चालवता ब्रेसच्या दिशेने चालवा, म्हणजे ओरखडे आडवे पडणार नाहीत. शेवटी डाय पेनिट्रंट (बारीक चिरा दाखवणारा रंगीत द्रव) मारून बघा. तुमच्या फॅब्रिकेटरला रागावू नका, त्याला समोर बसवून दुमडीचे कारण सांगा.

नवशिका_२२
सगळ्याच पट्ट्या वाईट का? काही ड्रॉइंगमध्ये गसेटच्या मोकळ्या कडेला स्टिफनर पाहिले आहेत.

प्रा_कर्ण
सगळ्या वाईट नाहीत. दुमडीची रेषा न ओलांडणारा स्टिफनर गसेटला दाबाखाली वाकण्यापासून वाचवतो, आणि मोठ्या, पातळ गसेटला तो लागतोही. पट्टी त्या ४५ मिमी जागेला पार करते की नाही, एवढेच पाहावे.

सह्यकडा
तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. सल्लागारांनी प्रमाणपत्रावरील आकडे पाहून वेल्डचा पर्याय मान्य केला. तळमजल्यावर आठही गसेटभोवती काँक्रीट फोडून दोन्ही बाजूंना २५ मिमी फोमची पट्टी बसवली आहे आणि वर सीलंट भरले आहे. ब्रेसला लागून येणारी विटांची भिंत एका गाळ्यात होती, ती मालकांनी हलवली.

पट्ट्या ऐरण यांनी सांगितल्याप्रमाणे काढल्या. डाय पेनिट्रंटमध्ये एका गसेटवर दोन सेंटिमीटरची लाल रेघ उमटली, तेवढा भाग घासून पुन्हा तपासला आणि तो स्वच्छ निघाला. फॅब्रिकेटरला मी एका रिकाम्या गसेटच्या तुकड्यावर शिकंजा लावून दुमड कशी पडते ते दाखवले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून ३२ मिमी रुंदीचा पोलादी तुकडा घासून तयार केला आणि अँगल क्लॅम्प केल्यावर, वेल्ड करण्याआधी, प्रत्येक टोकाशी तो तुकडा घालून पाहतो. पहिल्या मजल्यावर दोन ठिकाणी तो तुकडा आत गेला नाही. तिथले अँगल उतरवून पुन्हा कापले आहेत आणि उद्या सकाळी ते चढतील.